लोखंडातल्या माणसाचा लाकडी बेंच

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

काल रिटायर झालो. चौतीस वर्षं नाशिकच्या अंबडला एकाच कंपनीत काढली, पहिली एकोणीस टूलरूममध्ये आणि उरलेली प्रेस शॉपचा सुपरवायझर म्हणून. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देण्याची कल्पना कुणाची, कळलं नाही. कंपनीची डायरी दर वर्षी मिळायची आणि दर वर्षी शैला तीत वाणसामानाच्या याद्या लिहायची. यंदाची मी ठेवून घेतली.

आज सवयीने पाचलाच जाग आली. डबा भरायचा नव्हता म्हणून शैलाही गोंधळली. चहा पिताना म्हणाली, आता दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं घट्ट बसतात का ते तपासू नका, हाताला काहीतरी काम शोधा. काम मी शोधून ठेवलंय. वर्कबेंच करायचा, लाकडाचा. साधं टेबल नाही. रंधा मारताना ज्यावर लाकूड जागचं हलत नाही, वरून ठोकलं तरी जो डुगडुगत नाही, असा जड बेंच. तो झाला की मग त्यावर पाट, खुर्ची, लेकीला, हर्षालीला, पुस्तकांचं कपाट. आयुष्यभर लोखंड तासलं, पण लाकडाची हौस जुनी आहे. मागच्या अंगणात पत्र्याखाली जागा आहे. साहेबांनी भाषणात म्हटलं, शेखरच्या हाताला दहा मायक्रॉनचा फरक कळतो. लाकूड त्यामानाने सोपं जावं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

या डायरीत कंपनीचं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तीन दिवसही टिकलं नाही.

मॅनेजरसाहेबांचा फोन आला. बारा डिसेंबरला दुसऱ्या पाळीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर अपघात झाला आणि ती चालवणाऱ्या पुंजाची डाव्या हाताची तीन बोटं गेली. त्याच्यावर आता कंपनीची चौकशी बसली आहे. त्या जुन्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. अपघाताच्या वेळी डाव्या बटणात लाकडाची पाचर घातलेली सापडली. बटण कायम दाबलेलं, त्यामुळे डावा हात मोकळा, आणि तो आत गेला. कंपनीचं म्हणणं, पाचर पुंजानेच घातली. तसं ठरलं तर अठरा वर्षांची नोकरी गेली आणि वर ठपका. मी सुपरवायझर होतो, म्हणून साक्षीला मला बोलावणार. साहेब म्हणाले, फार काही नाही, पाचर कुणी घातली ते तुम्ही पाहिलं नाही एवढंच सांगायचं. आणि हे खोटंही नाही. घालताना मी पाहिलं नाही.

फोन ठेवता ठेवता त्यांनी हर्षालीचीही चौकशी केली. ती त्याच कंपनीत क्वालिटीला आहे, जूनमध्ये कायम व्हायची आहे. मुलगी हुशार आहे म्हणाले.

रविवार, १६ फेब्रुवारी

द्वारका चौकाजवळच्या लाकडाच्या वखारीत गेलो, खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन. मालकाने तो पाहून विचारलं, डॉक्टर आहात का?

वखारीच्या दारात अन्सारभाई मिस्त्री बसतात. सत्तरीला टेकलेत, जुन्या नाशकातले. उभा जन्म दरवाजे-खिडक्या करण्यात गेला, आता गिऱ्हाइकाला लाकूड निवडून देतात आणि जमेल तेवढी दुरुस्ती करतात. पाडलेल्या घरांच्या जुन्या सागवानी चौकटींचा ढीग होता. त्यातल्या सात फळ्या त्यांनी बोटाच्या पेराने वाजवून बाजूला काढल्या. पायांसाठी बाभूळ घ्या म्हणाले, बैलगाडीचं चाक याचंच व्हायचं. मी म्हटलं, ओलाव्याची टक्केवारी किती असेल? ते म्हणाले, नाकाला विचारा, आणि तुकडा माझ्या नाकाशी धरला.

बेंच कशाला हवा, हे मात्र त्यांना पटेना. ते जमिनीवर बसून काम करतात, लाकूड पायाने धरून. पाय पुढे करून म्हणाले, "आमचा बेंच हा." अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये खरोखरच खाच पडली आहे. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. तेव्हा कुठे मान डोलावली आणि रोज सकाळी दोन तास येऊन शिकवायचं कबूल केलं.

बुधवार, ५ मार्च

अन्सारभाईंचे रोजे सुरू झालेत. ऊन चढायच्या आत येऊन जातात. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि मला रंधा मारायला शिकवतात, म्हणजे दुहेरी पुण्य.

लोखंडावर कानस चालवताना जोर लावला की काम होतं. इथे तसं नाही. लाकडाच्या रेषा कोणत्या बाजूला चढतात ते आधी बघावं लागतं. त्याच्या उलट रंधा मारला की फाळकं निघून येतं. माझ्या पहिल्या फळीची मी वाघाने ओरबाडल्यासारखी अवस्था केली. शैला म्हणाली, करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण तिसऱ्या फळीपासून जमायला लागलं. लांब, पातळ, अखंड सालपट निघालं आणि त्याला जुन्या सागाचा तो तेलकट वास. मी ते सालपट तसंच हातात धरून बसलो. अन्सारभाई म्हणाले, पहिलं सगळेच ठेवतात.

सातही फळ्या गोंदाने जोडून शिकंज्यांत आवळल्या. सहा फूट लांब, बावीस इंच रुंद.

चौकशीची तारीख एप्रिलवर गेली असं कळलं. बरं झालं. तोवर बेंच उभा राहील.

गुरुवार, २० मार्च

आज अन्सारभाईंचं आणि माझं थोडं वाजलं.

पाय आणि आडवे तुकडे जोडायचे होते. पायाला चौकोनी भोक, आडव्या लाकडाला त्यात बसणारी जीभ. सुतार तिला कूस म्हणतात. भोकं मी पटाशीने अशी पाडली की अन्सारभाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे चांगली झाली. मग म्हणाले, कुशीच्या टोकाला करवतीची चीर द्या आणि तीत पाचर ठोका, जन्मभर सुटणार नाही. सागाचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला, पाचर तासा म्हणून.

मी तो थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला. म्हटलं, बोल्ट मारू. बारा एमएमचे बोल्ट आहेत माझ्याकडे, पाहिजे तेव्हा घट्ट करता येतात. त्यांनी विचारलं, हाताला लागलं का? नाही म्हटलं. पाचर ही अडाणी पद्धत झाली, असंही काहीतरी बोललो. बोलायला नको होतं.

वरच्या फळीचंही तेच. त्यांचं म्हणणं, फळीला खालून आडवी खाच पाडायची, तीत पट्टी सरकवायची, गोंद न लावता, आणि टोकाला पाचर मारायची. माझा विचार पक्का होता, लोखंडी अँगलची चौकट करायची आणि फळी तिला आठ बोल्टांनी आवळायची. ते म्हणाले, "शेखरभाऊ, हे लोखंड नाही. उन्हाळ्यात आकसणार, पावसाळ्यात फुगणार. त्याला हलायला जागा ठेवा." मी म्हटलं, हलणार नाही असाच तर बेंच हवाय मला.

ते अर्ध्या तासात निघून गेले. शैलाने विचारलं, मिस्त्री आज लवकर का गेले? म्हटलं, त्यांचा रोजा आहे. ती म्हणाली, रोजा तर रोजच असतो.

रविवार, ६ एप्रिल

बेंच उभा राहिला. अँगलची चौकट शुक्रवारी वेल्डिंग करून आणली, आठही बोल्ट स्प्रिंग वॉशर घालून आवळले. फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा अगदी मधोमध. मी त्यावर उभा राहून उडी मारून पाहिली. शैला म्हणाली, या वयात पडलात तर प्लॅस्टरही लाकडाचंच घालू.

हर्षालीला सुट्टी होती. बेंचभोवती फिरली, कडेवरून बोट नेत राहिली. म्हणाली, "बाबा, सगळ्या कडांना अगदी सारखी तिरकी घासणी दिलीये." मी तिला समजावलं, दीड एमएम, पंचेचाळीस अंशात, ही टूलरूमची सवय. धारदार कड सोडणारा माणूस टूलरूमचा नव्हेच. तिने विचारलं, वस्तू लहान असली तरी? मी म्हटलं, लहान असेल तर जास्तच, हातात धरायची असते ना. ती चहाही न पिता डोकं दुखतंय म्हणून खोलीत गेली. हल्ली फार दमते. चौकशीच्या फायलीतले फोटोही तिच्याच डिपार्टमेंटने काढलेत, त्यामुळे काम वाढलंय बिचारीचं.

चौकशी मेअखेर ढकलली.

शनिवार, १९ एप्रिल

दुपारी अडीचला मागे जोरात फट्ट असा आवाज झाला. शैला धावत गॅसकडे गेली. मी अंगणात गेलो. फळी तडकली होती. उजव्या टोकापासून आत दोन फूट, दोन बोल्टांच्या बरोबर मधून. भेगेत माझं नख जात होतं. पत्र्याखाली त्रेचाळीस तापमान होतं.

तिथेच स्टुलावर बसलो. शैलाने पाणी आणून दिलं आणि नेहमीसारखी चेष्टा केली नाही.

सोमवार, २१ एप्रिल

लाज गिळून वखारीत गेलो. ईदेला शीरखुर्म्यासाठी बोलावलं होतं तेव्हा गेलो नव्हतो, तेही मनात होतं. अन्सारभाई काही न विचारता रिक्षात बसले.

भेगेजवळ बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मी वाट बघत होतो की आता ऐकवतील. त्यांनी ऐकवलं नाही. म्हणाले, "त्याला आकसायचं होतं. तुम्ही दोन्हीकडून धरून ठेवलं. मग ते मधूनच गेलं." उपाय आहे म्हणाले. चौकट काढायची, भेगेवरून फळी चिरायची, पुन्हा जोडायची आणि खालून पट्ट्या सरकवायच्या, जशा आधी सांगितल्या होत्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पाचरी तुम्ही करायच्या. त्या मी करणार नाही." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ते गेल्यावर बेंचवर ताडपत्री टाकून ठेवली.

रविवार, ४ मे

आज पुंजा आला होता. बारा डिसेंबरनंतर पहिल्यांदाच भेटलो. दवाखान्यात मी एकदा गेलो होतो, तेव्हा तो गुंगीत होता.

डाव्या हाताला उपरणं गुंडाळलेलं. पायरीवरच बसला, आत या म्हटलं तरी येईना. गावाहून, दिंडोरीकडून, भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. शैलाने चहा दिला, त्याने तो उजव्या हाताने घेतला आणि बशी खाली ठेवून प्यायला. ताडपत्री बघून काय ते विचारलं. मी दाखवलं. तडकलेल्या फळीवरून त्याने चांगला हात फिरवला आणि लाकूड झ्याक हाय म्हणाला.

मग म्हणाला, "साहेब, तुमचं नाव मी कुठं बी घेतलं नाय. माझा खांदा दुखत व्हता म्हनून तुम्ही ते केलं. दुसऱ्या कुनी केलं असतं का?" मी गप्प राहिलो. त्याचं एवढंच मागणं, की तारखेला मी समोर असावं, म्हणजे त्याला धीर येईल. मी काय बोलणार आहे ते त्याने विचारलं नाही. निघताना फाटकापाशी क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काळजी घे.

खरं सांगायचं तर मोठा आधार वाटला. चांगला माणूस आहे. शैलाने मात्र आतून ऐकलं होतं. कशाबद्दल बोलत होता, तुम्ही काय केलंत, असं विचारायला लागली. कामाचं काहीतरी, म्हटलं. शेंगा तिने भाजल्या नाहीत, तशाच पिशवीत ठेवल्या आहेत.

बुधवार, १४ मे

ताडपत्री काढली. अन्सारभाईंच्या सांगण्यानुसार फळी चिरली, नवी कड तासली, पुन्हा जोडली. खालच्या खाचा पाडल्या. दोन पट्ट्या तयार झाल्या. आता पाचरी.

सागाचा तुकडा घेतला. चार इंच लांब, एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळता. पटाशीचे दहा-बारा हात, मग कानस. हे काम माझ्या हाताला पाठ आहे. तासून झाल्यावर सवयीने चारही कडांना तिरकी घासणी दिली आणि ती हातावर ठेवून बघितली. तीच होती. तंतोतंत तीच. ती हातातून सुटून खाली पडली.

आज लिहून टाकतो. डाव्या बटणातली पाचर मी केली होती.

सप्टेंबरात पुंजाचा डावा खांदा धरला होता. दिवसाला हजारो वेळा हात वर करून ते बटण दाबायचं. त्याला सदरा घालता येत नव्हता. रजा घेतली तर त्याची पाळी दुसऱ्याला जाते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या फळकुटातला सागाचा एक तुकडा शोधला आणि त्याला पाचर करून दिली. हाताला लागू नये म्हणून कडा मारल्या. बोटांना लागू नये म्हणून.

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली होती. खांदा महिनाभरात बरा झाला. पाचर तशीच राहिली, कारण तिने काम भरभर व्हायला लागलं. मॅनेजरसाहेब एकदा प्रेसजवळ थांबले, बटणाकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून पुढे गेले. मीही रोज बघत होतो. काढ आता, असं म्हणायला मला तीन महिने होते. चांगलं केलं होतं ना मी, मग काढायला कशाला सांगू. बारा तारखेला मी लाइनच्या दुसऱ्या टोकाला होतो. प्रेसचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. त्या ठोक्याचा आवाज वेगळा होता.

चौकशीत खरं सांगायचं. ठरलं. त्याआधी पुंजाला जाऊन सांगायला हवं, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडेल. उद्या गोंद वाळायचा आहे, परवा पट्ट्या बसवायच्या. रविवारी जाईन.

रविवार, १८ मे

अवकाळीने तीन दिवस धुमाकूळ घातलाय. हवेत ओल आली, गोंद लवकर वाळेना. पट्टी खाचेत अडकली, पुन्हा काढून घासावी लागली. अन्सारभाई म्हणाले, बळजबरी करू नका, तिची ती जाईल. चुंचाळ्याला पुंजाकडे जायचं राहिलं. पुढच्या रविवारी.

रविवार, २५ मे

बेंच पुरा झाला. चारही पायांचे बोल्ट काढून तिथेही पाचरी मारल्या, एकूण बारा, सगळ्या माझ्या हातच्या. पाऊस पडून गेल्यावर फळी फुगली असणार, पण ती पट्टीवर सरकते आणि कुठे ताण येत नाही. अन्सारभाईंनी वर मूठ आपटून पाहिली आणि पहिल्यांदा म्हणाले, "आता झाला." मला रडू आलं. ते दुसरीकडे बघायला लागले.

चौकशी नक्की झाली, मंगळवार तीन जून. पुंजाकडे जायचं मनात होतं, पण विचार केला, आता तिथेच सगळ्यांसमोर सांगेन. आधी घरी जाऊन सांगणं म्हणजे उपकाराचा ढोल बडवल्यासारखं. आठ दिवसांनी काय फरक पडतो.

सोमवार, २ जून

जेवणं झाल्यावर हर्षाली मागे आली आणि बेंचवर चढून पाय सोडून बसली, लहानपणी ओट्यावर बसायची तशी. म्हणाली, त्या पाचरीचा फोटो तिनेच काढला होता, चारही बाजूंनी, मापासकट. एप्रिलपासून तिला माहीत आहे. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं की तुझं जूनमध्ये कायम व्हायचंय. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "माझ्यासाठी गप्प बसला असाल तर ते ओझं माझ्यावर टाकू नका." मी तिला खरं ते सांगितलं. तिच्यासाठी नव्हतो बसलो. स्वतःसाठीच बसलो होतो, मला भीती वाटत होती. उद्या सगळं सांगणार आहे म्हटलं. तिने माझा हात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. शैला दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती आत गेली आणि माझा उद्याचा शर्ट काढून इस्त्री करायला लागली.

मंगळवार, ३ जून

सकाळी अकराला कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत बसलो. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील होते. मॅनेजरसाहेब, युनियनचा एक माणूस आणि पुंजा. पुंजाने नवा पांढरा सदरा घातला होता, डावा हात टेबलाखाली.

मला विचारायच्या आतच मी बोललो. पाचर मी केली, मी दिली, तीन महिने रोज बघितली आणि काढायला सांगितलं नाही, यात पुंजाचा दोष नाही. साहेब फायलीत बघत राहिले. वकिलांनी चष्मा काढला आणि म्हणाले, तुमची साक्ष आता लागणारच नाही. कामगाराने अठ्ठावीस मेला लेखी कबुली दिली आहे, पाचर स्वतःहून घातली म्हणून. कंपनीने माणुसकी म्हणून त्याला काढून न टाकता राजीनामा घेतला आहे आणि सिक्युरिटीच्या कंत्राटदाराकडे गेटवर लावून दिलं आहे. आज नुसतं प्रकरण बंद करायचंय.

मी म्हटलं, तरी माझं लिहून घ्या. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. लिहिला, सही केली. तो फायलीत लागलेला मी पाहिला नाही.

पुंजाने सबंध वेळ माझ्याकडे पाहिलं नाही. गेटबाहेर त्याला गाठलं. सही का केलीस, विचारलं. तो म्हणाला, "मॅनेजरसाहेब म्हनले, शेखरसाहेब बी हेच सांगनार हायेत. म्या तुमच्याकडं येऊन बसलो व्हतो. तुम्ही काहीच बोलला नाय. तरी वाट पाह्यली, लय दिवस. मग केली सही."

शेंगा घेऊन आला होता तो. मला वाटलं, मला धीर द्यायला आलाय.

गुरुवार, ५ जून

कारखान्यांच्या सुरक्षेचं सरकारी ऑफिस आहे तिथे गेलो. सगळं लेखी दिलं, पोचपावतीवर शिक्का घेतला. तिथल्या बाईंनी विचारलं, हे दिल्यावर तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, माहीत आहे ना? माहीत आहे म्हटलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. पुंजाची केस पुन्हा उघडेल का, ते सांगता येत नाही म्हणाल्या.

हर्षालीला कायम केल्याचं पत्र आलेलं नाही. तिच्याबरोबरच्या दोघांना आलं.

रविवार, ८ जून

चुंचाळ्याला गेलो. पुंजाचं घर म्हणजे पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. तो बाहेर बाजेवर बसला होता, गेटवरचा निळा युनिफॉर्म दोरीवर वाळत होता. सरकारी ऑफिसात दिलेल्या कागदाची प्रत त्याला दिली. त्याने ती वाचली नाही, घडी करून खिशात ठेवली.

रागावला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाला, त्याने घरी सांगितलंय की चूक त्याचीच. बायको सहा महिने विचारतेय, दारू पीत नाय, झोपला नव्हता, मग असं कसं केलं? पोरगी तर बोलायचीच थांबलीये. तिला वाटतं, बाप आळशीपणा करायला गेला आणि बोटं घालवून बसला. "मी आता निराळं सांगितलं तर कुनी खरं मानायचं नाय," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. दोघी आत हायेत."

आत गेलो. त्याच्या बायकोने खुर्ची दिली. मुलगी, सायली, खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती, यंदा बारावी झाली आहे. मी उभ्यानेच सांगितलं. दोन बटणं हातांनी दाखवली, डावं कुठं, उजवं कुठं. खांदा कसा दुखत होता, पाचर कुणी केली, कुणी दिली, कुणी बघितली. तुझ्या बापाने आळस केला नाही, मी सांगितलं तसं काम केलं, असं म्हटलं. पुंजाची बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. पुंजा दारात उभा राहून ऐकत होता.

सायलीने पुस्तक मिटलं. तिने विचारलं, "मग बाबांनी चूक स्वतःची म्हणून सही का केली?" पुंजा काही बोलायला लागला, मी त्याला थांबवलं. म्हटलं, कारण मी बोललो नाही. वेळेवर बोललो असतो तर त्यांना करावी लागली नसती.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, गणित समजून घेताना बघतात तसं.

"सहा महिने तुम्ही काय करत होतात?"

मी म्हटलं, "बेंच करत होतो."

बेंच म्हणजे काय ते तिला कळलं नसावं. उठून बापाजवळ गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. मी चपला घातल्या आणि निघालो.